चार इसा पाच

बुधवार आणि शनिवारचे शेवटचे दोन तास दीना बाईंचे, हे राजूरच्या वर घाटाकडे असलेल्या त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सात वर्षांपासून ठरलेलं होतं. त्या तासांना सहावीच्या वर्गातली बाकं भिंतीला लावायची, सतरंज्या अंथरायच्या आणि पोरांनी पाच-पाच जणांनी गोल करून एकमेकांना शिकवायचं. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, या वर्गावर शिक्षकच नाही. जुलैमध्ये दीना बाई आजारानं गेल्या आणि वर्गावर खरोखरच शिक्षक राहिला नाही. मग ते तास त्यांच्या नवऱ्याकडे, म्हणजे सायमन सरांकडे आले.

सायमन सर त्याच शाळेत गणित शिकवायचे. फळा, खडू, सरळ रांगा. पोरांनीच पोरांना शिकवायचं तर आपण कशाला आलो, असं ते बायकोला घरी म्हणायचे. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "तेच तर कळत नाही मला, तुम्ही कशाला आलात." आणि दोघं हसायची. आता घरात असं बोलणारं कुणी नव्हतं. सर एकटेच भाकरी करायचे. ती जाड व्हायची, आणि तशीच खायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापक रंगनाथ सरांनी त्यांना बोलावलं. रंगनाथ सर याच वर्षी बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण तालुक्यात शाळेचा निकाल मागं पडत होता आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

"सर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका," ते म्हणाले. "आठवड्याचे चार तास म्हणजे लई झालं. बाई होत्या तोवर ठीक. डिसेंबरची शिक्षण परिषद आपल्या शाळेत आहे. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांचे सगळे शिक्षक येतील. त्यांच्यासमोर एक पाठ घ्या. चांगला झाला तर तास राहतील. नाही झाला तर जानेवारीपासून सराव परीक्षा. चालेल?"

"चालेल," सायमन सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दीना बाईंच्या कपाटात शेवटची फाईल होती ती 'माया संस्कृती' या नावाची. मे महिन्याच्या सुट्टीत बसून त्यांनी ती केली होती. समुद्रापलीकडे, मेक्सिकोकडच्या जंगलात हजारो वर्षांपूर्वी नगरं बांधणारे माया लोक. सर तेव्हा म्हणाले होते, "हे तर पुस्तकात नाही." त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "म्हणूनच घेतलं. पुस्तकात असतं त्याचं गाईड मिळतं. ज्याच्या घरी गाईड, तो पुढं. याचं गाईड राजूरला काय, संगमनेरलाही मिळायचं नाही. सगळी पोरं एका रेषेवर."

बाईंची पद्धत त्यांच्या शब्दांतच सांगायची तर अशी होती. वर्गात पंचवीस पोरं. पाच जणांची एक चूल, अशा पाच चुली. प्रत्येक चुलीवरून एकेकानं वेगवेगळ्या बाजाराला जायचं. अंकांचा बाजार, पंचांगाचा, मक्याचा, चेंडूचा, चित्रलिपीचा. एका बाजारात पाची चुलींचा एकेक माणूस भेटतो. तिथं मिळून शिकायचं आणि परत येऊन आपल्या चुलीला शिकवायचं. कुणी कुठल्या बाजाराला जायचं ते चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी बदलायची नाही. शेवटी बाई ज्याला उभं करतील त्याला तो ज्या बाजाराला गेलाच नाही त्याचा प्रश्न विचारतील. त्याला आलं तर चूल जिंकली. तो अडला तर ज्यानं शिकवलं त्यानं उत्तर सांगायचं नाही, फक्त एक प्रश्न विचारायचा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या बुधवारी सरांनी विषय फळ्यावर लिहिला. पार्थ नावाचा एक पोरगा होता, तोंडाचा लई वाजका. तो लगेच उठला.

"सर, आपली संस्कृती माया कवापासून झाली?"

वर्ग हसला. कारण तिसऱ्या चुलीवर पार्थच्या शेजारी बसलेल्या पोरीचं नावच संस्कृती होतं. ती मान खाली घालून म्हणाली, "गप ये, चेंडू." पार्थला चिठ्ठीत चेंडूचा बाजार आला होता.

मग संस्कृतीनं आपली चिठ्ठी उघडली. अंक.

पार्थचं हसू गेलं. "सर! हिला अंक? आमची चूल पेटायचीच न्हाई!"

त्याचं खोटं नव्हतं. संस्कृतीचे आईबाप वर्षातले आठ महिने नारायणगावकडे टोमॅटोच्या मळ्यात कामाला. पोर नऊ वर्षांची होईपर्यंत वरच्या वाडीत आजीजवळ, बनुबाईजवळ राहिली. मग वयाप्रमाणे तिला चौथीत बसवलं. वाचायला ती भराभर शिकली. अंकांचं मात्र काही केल्या जमेना. सायमन सरच तिचे गणिताचे मास्तर. ऐकून अंकात लिहा म्हटलं, की दहापैकी दोन. दोन वर्षं झाली, दहापैकी दोनच.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगनाथ सर सायमन सरांना हळूच म्हणाले, "ती पोरगी अंकांना नको. मक्याला टाका. परिषदेच्या दिवशी शोभा नको."

सायमन सरांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. हे करताना आपण काय करतोय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. एका कच्च्या पोराची चिठ्ठी बदलण्यावरूनच त्यांचं आणि बायकोचं एकदा दोन दिवस बोलणं बंद झालं होतं.

"संस्कृती, तू मक्याला जातेस का? सोपं आहे ते."

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "बाईंनी सांगितलंय, चिठ्ठी बदलायची न्हाई."

"आता मी सांगतोय ना."

"तुमी सर हाय," ती म्हणाली. "चिठ्ठी बाईंची हाय."

सर वाटेतून बाजूला झाले. "जा," एवढंच म्हणाले.

शनिवारी बाजार भरले. चेंडूच्या बाजारात आरडाओरडा. माया लोक चेंडू हातानं नाही, कमरेनं मारायचे, असं बाईंच्या कागदावर होतं आणि पाची जण ते करून बघत होते. मक्याच्या बाजारात काय चाललंय ते बघायला शाळेची खिचडी शिजवणाऱ्या भीमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. माया लोकांच्या गोष्टीत देवांनी माणूस मक्याच्या पिठाचा केला, असं एक पोरगा वाचत होता. भीमाबाई म्हणाल्या, "मंग आमी नागलीचं, तुमच्या नाचनीचं. म्हनून तर काळं!" आणि आपल्याच बोलण्यावर हसत चुलीकडं गेल्या.

अंकांचा बाजार मात्र गप होता. बाईंच्या कागदावर लिहिलं होतं, एक टिंब म्हणजे एक. एक आडवी रेघ म्हणजे पाच. काहीच नसेल तर शिंपला. सर्वांत खालच्या घरात एकोणीसपर्यंत मावतं. त्याच्या वरच्या घरात एक टिंब ठेवलं, की ते वीस. टिंबांसाठी चिंचोके, रेघांसाठी काड्या आणि शिंपल्यांसाठी भातखाचरातल्या गोगलगाईंचे शंख, असं साहित्यही बाईंनी पिशवीत भरून ठेवलं होतं. खाली प्रश्न होता: पंच्याऐंशी मांडून दाखवा.

सायमन सर स्वतः तिथं जाऊन बसले. गणिताचा मास्तर, आता राहवेना. "हे बघा, आपल्याकडे एकक, दशक असतं ना? दशकाचं घर म्हणजे दहा. तसं त्यांच्याकडे—"

"पन सर, इथं वीस हाय," ज्ञानेश्वरी म्हणाली. ती वर्गात पहिली यायची. तिनं पाटीवर भागाकार मांडला, मग आठ चिंचोके वर ठेवले, पाच खाली ठेवले, मग सगळे पुसल्यासारखे गोळा केले. "आठ दशक पाच एकक, हेच डोक्यात येतंय सारखं. आमाला न्हाई जमायचं."

"असं करा," सर म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. त्यांना स्वतःलाच आपला आवाज ऐकू येत होता. फळ्याजवळचा आवाज. पोरं मान हलवत होती आणि कुणाला काही कळत नव्हतं.

तेवढ्यात संस्कृतीनं हात लांबवला. वरच्या घरात चार चिंचोके ठेवले. खालच्या घरात एक काडी ठेवली. आणि हात मागं घेतला.

ज्ञानेश्वरीनं बघितलं. बोटांवर मोजलं. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. आणि पाच.

"बरोबर हाय! तुला कसं आलं गं?"

"चार इसा पाच," संस्कृती म्हणाली. "त्यात काय."

"इसा म्हंजे?"

"इसा म्हंजे इसा. आजी मोजती तसं. भाताचे भारे न्हाई का मोजत? एक इसा, दोन इसा. वीस झाले की एक खडा बाजूला ठेवायचा."

"वीसच का पन?" एकानं विचारलं.

"हाताची दहा, पायाची दहा. आजी म्हनती, देवानं दिल्यात ती सगळी बोटं वापरावी."

दुसरा पोरगा स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, "म्हंजे मानसानं बूट घातले आन गणित निम्म्यावर आलं!"

सगळे हसले. सायमन सर हसले नाहीत. ते उठून सरळ ऑफिसात गेले.

कपाटातून त्यांनी गेल्या वर्षीचे चाचणीचे पेपर काढले. संस्कृतीचा पेपर शोधला. 'ऐकून अंकात लिहा.' सरांनी पंच्याऐंशी म्हटलं होतं, तिनं लिहिलं होतं ४५. सदुसष्टला ३७. अठ्ठेचाळीसला २८. आणि बहात्तरला चक्क ३१२. हा ३१२ सरांना चांगला आठवत होता. त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला होता आणि पोरं हसली होती.

ते उभ्यानंच मोजायला लागले. चार इसा पाच, पंच्याऐंशी. तीन इसा सात, सदुसष्ट. दोन इसा आठ, अठ्ठेचाळीस. तीन इसा बारा, बहात्तर. तीन आणि बारा. पोरीनं तीन लिहिलं, मग बारा लिहिलं. नव्वदला ४१०. चार इसा दहा. तेहतीसला ११३. एक इसा तेरा. जे दोन सरांनी बरोबर दिले होते ते वीसच्या आतले होते, नऊ आणि चौदा.

दहापैकी दहा. दोन वर्षं पोरगी दहापैकी दहा लिहीत होती आणि सर त्यावर तांबड्या फुल्या मारत होते.

ते खुर्चीत बसले. आधी त्या फुल्यांची लाज वाटली. मग हळूहळू पोरीचं कौतुक वाटायला लागलं. हे घरी जाऊन सांगावं असं वाटलं, अगदी दप्तर न ठेवताच सांगावं. आणि घरी कुणी नाही हे त्यानंतर आठवलं. त्या दिवसांत असंच व्हायचं. आधी सांगावंसं वाटायचं, मग आठवायचं.

शाळा सुटल्यावर त्यांनी संस्कृतीला थांबवलं आणि पेपर तिच्यापुढं ठेवला. "हे तू आजीसारखं लिहिलंस?"

तिनं घाबरत बघितलं. "मी ऐकू येतं तसं लिवते सर. पंच्याऐंशी म्हंजे चार इसा पाच, हे आजीनं सांगितलंय. लिवायचं कसं ते तिला येत न्हाई. मग मी आधी चार लिवते, मंग पाच."

"आणि मला ते कळलं नाही. दोन वर्षं."

संस्कृतीनं पेपर परत सरांकडे सरकवला. मग त्यांची समजूत काढल्यासारखी म्हणाली, "मला तरी कुठं कळलं हुतं सर, तुमी इसा मोजत न्हाई म्हनून."

पुढच्या दहा दिवसांत सरांनी तिला रोज अर्धा तास थांबवून घेतलं. त्यांनी नवं काही शिकवलं नाही. दोन रकाने आखले. एकात आजीचं, एकात शाळेचं. चार इसा पाच, आठ दहे पाच. चौथ्या दिवशी ती ३१२ वर अडली नाही. सातव्या दिवशी तिनं सरांनाच विचारलं, "तुमच्यात दहा झाले की खडा बाजूला ठेवायचा, एवढंच ना? मंग आधी सांगायचं की."

परिषदेच्या दिवशी व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या. केंद्रातले शिक्षक आले, केंद्रप्रमुख मोनिका मॅडम आल्या. संगमनेरकडच्या, आवाज मोठा, चष्मा कपाळावर. रंगनाथ सर एका बाजूला हाताची घडी घालून उभे राहिले.

बाजार भरले, बाजार उठले, पोरं आपापल्या चुलीवर आली. सायमन सरांचं काम एवढंच, की गप बसायचं. आयुष्यात त्यांना याहून अवघड काम कुणी दिलं नव्हतं. तिसऱ्या चुलीवर पार्थनं कमरेनं चेंडू मारून दाखवताना एका गुरुजींचा चहा सांडला. गुरुजी म्हणाले, "हा खेळ आमच्या शाळेत नको बाबा." मग त्याच चुलीवर संस्कृतीची पाळी आली. ती हळू बोलत होती. पण आधी पार्थ, मग बाकीचे तिघं पुढं वाकून ऐकायला लागले. मागं बसलेल्या दोन शिक्षिका उठून जवळ येऊन बसल्या.

शेवटी मोनिका मॅडम उभ्या राहिल्या. "कुणालाही विचारू ना?"

"कुणालाही," सायमन सर म्हणाले. "फक्त तो ज्या बाजाराला गेला नाही त्याचं."

मॅडमनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "तो चेंडूवाला. उठ रे. या व्हरांड्यात आत्ता जेवढी माणसं आहेत, तेवढी माया लोकांसारखी मांडून दाखव."

पार्थ उठला. त्यानं मोठ्यांना मोजलं, पोरांना मोजलं, ओठ हलवले. "पोरं पंचवीस, तुमी सदतीस. बासष्ट." मग खाली बसून वरच्या घरात तीन चिंचोके ठेवले, खालच्या घरात दोन. "तीन इसा दोन."

"इसा?" मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हा शब्द माया लोकांचा?"

"न्हाई मॅडम, बनुबाईचा. हिच्या आजीचा."

मागून एक पांढऱ्या केसांचे गुरुजी मोठ्यानं बोलले, "अहो, माझी आई असंच मोजायची! मी चार इसा आन तीन वर्सांची झाले, असं म्हणायची शेवटी." लगेच दुसरे म्हणाले, आमच्याकडे आंबे इसानंच मोजायचे. तिसरीकडून कुणी मावशीचं नाव काढलं. व्हरांड्यात गलका झाला. या शिक्षकांना शिकवायला लागून वीस-वीस, तीस-तीस वर्षं झालेली, आणि प्रत्येकाच्या घरात एखादं माणूस असं मोजणारं होतं. ते शाळेत आणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पांढऱ्या केसांचे गुरुजी पुढं सरकले. "बरं, आता शंभर मांड बघू."

पार्थनं एक काडी वरच्या घरात ठेवली. पाच इसा. आणि रुबाबात वर बघितलं.

"हे तर पाच झाले," गुरुजी म्हणाले. "एक काडी म्हणजे पाच. शंभर कुठंय?"

पार्थनं खाली बघितलं. काडी थोडी वर सरकवली. तरी ती एक काडीच होती. त्याचे कान लाल झाले. रंगनाथ सरांनी हाताची घडी सोडली. सायमन सरांच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्यांनी ते दातांत धरलं. जानेवारीपासून काय होणार, ते आता त्या एका काडीवर होतं.

संस्कृती उठून उभी राहिली. "मी एक प्रश्न विचारू?"

"विचार," सायमन सर म्हणाले.

"पार्थ, खालच्या घरात कुनी राहत न्हाई, हे बघनाऱ्याला कसं कळायचं?"

पार्थ तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं झटकन पिशवीत हात घातला, एक शंख काढला आणि काडीच्या खाली ठेवला.

"घर हाय, मानूस न्हाई," तो म्हणाला. "शंभर."

पांढऱ्या केसांच्या गुरुजींनी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. मोनिका मॅडम संस्कृतीजवळ गेल्या. "तू उत्तर का नाही सांगितलंस गं?"

"मंग ते माझं झालं असतं," ती म्हणाली. "ते त्याचं व्हायला पायजे ना."

सायमन सर खांबाला टेकून उभे होते. पोरं टाळ्या वाजवत होती, पार्थ आपल्या चुलीवरच्या प्रत्येकाच्या पाठीत धपाटे घालत होता. सरांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. बघणाऱ्यांनी बघावं, असं वाटलं. या पोरांसमोर असं उभं राहण्यात त्यांना लाज नव्हती.

एका शिक्षिकेनं विचारलं, "सर, हे चूल आणि बाजार, ही पद्धत तुमची का?"

"नाही," सर म्हणाले. "माझ्या बायकोची. दीना तिचं नाव. मी तिला सात वर्षं हसलो."

पाहुणे गेल्यावर रंगनाथ सरांनी ऑफिसात वेळापत्रकाचा तक्ता भिंतीवरून उतरवला आणि टेबलावर ठेवला. बुधवार, शनिवार, शेवटचे दोन तास. त्या चौकोनांत अजून बाईंचंच नाव होतं. जुलैपासून ते कुणी खोडलं नव्हतं. खोडायचं कुणी, हा प्रश्नच होता.

"तास राहतील," रंगनाथ सर म्हणाले. "सातवीलाही देऊ म्हणतो. पण एक विचारतो. बाईंच्या फाईली संपल्या ना आता? ही शेवटचीच होती?"

"हो."

"मग पुढं?"

सायमन सरांनी तक्त्याकडे बघितलं. बाईंची फाईल पुढं ठेवायची, इतकंच ते आतापर्यंत करत आले होते. आता पुढचा कागद कोरा होता आणि तो त्यांना लिहायचा होता. भीती वाटली, पण फार नाही.

"पुढचं मी करतो," ते म्हणाले. "तिथं माझं नाव लिहा."

रंगनाथ सरांनी पेन काढलं आणि जरा थांबले. "बाईंचं खोडू?"

"खोडू नका. जागा आहे की. खाली लिहा."

रंगनाथ सरांनी बाईंच्या नावाखाली बारीक अक्षरात सायमन सरांचं नाव लिहिलं, चारही चौकोनांत. मग तक्ता पुन्हा भिंतीला लावायला दोघांनी मिळून धरला.